तोच आकडा

ताई,

मंद्रूपच्या बाजारात बसलोय. समोर एक काळं कोकरू लई गोड हाय. असू दे.

तू समजावलं होतंस, अणूच्या गाभ्यात प्रत्येक कण प्रत्येकाला ओढतो, नेमका हिशेब जमत न्हाय. म्हणून सगळ्यांची मिळून एक ओढ अंदाजानं धरायची, आलेलं उत्तर पुन्हा आत घालायचं. पुढचं मी ऐकलंच न्हाय, बाहेर पतंग होता.

तो हिशेब चालू केल्याच्या नवव्या दिवशी तुझ्या कम्प्युटरवर सारखा तोच आकडा दिसला. अडकलाय वाटून मी बंद केला. सगळं पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी तुझा प्रबंध द्यायचा होता.

"शहाजी, आकडा बदलायचा थांबला की तेच उत्तर असतं रे," एवढंच बोललीस.

तवापासून भटकतोय. वैराग, कुंभारी, कुटंही विचार केला तरी उत्तर तेच येतं, घरी जा. आपल्या सोलापूरची एसटी समोर उभी हाय. पाय उचलत न्हाय.

तुझाच,
शहाजी