तो वेळेवर पोहोचला होता

आई, काल तुला लिहिताना मी एक चूक केली. गुरुवारी तो मुलीला आणायला शाळेत उशिरा पोहोचला आणि म्हणून ती रडली, असं मी लिहिलं. तसं झालं नाही. तो वेळेवर पोहोचला होता. पिऊन पोहोचला होता. आणि ती रडलीही नाही. उशीर हा शब्द मी का वापरला ते मला माहीत आहे. उशीर कुणाच्याही नवऱ्याला होतो. तू तर तुझा जावई पाहिलाच नाहीस, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेलीस. मी सांगेन तेवढंच तुला कळणार. म्हणून तरी नीट सांगायला हवं.

नीट सांगायचं तूच शिकवलंस. खऱ्या शाळेच्या आधी माझी शाळा कसब्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात भरायची. तू पोळ्या लाटतेयस, मी भिंतीला टेकून बसलेय आणि बाहेर काय काय पाहिलं ते सांगतेय. “बोळातली सगळी मुलं आली होती.” लाटणं न थांबवता तू विचारतेस, “सगळी? मोजलीस?” मी बोटं मोजते, चारावर अडते. “मग काही मुलं म्हण.” त्याच घरात, बाहेरच्या खोलीत, मामा दुपारभर पालथा पडलेला असायचा. दारात कुणी आलं की तू म्हणायचीस, “पित्त झालंय त्याला.” एकदा शेजारीण उभी असताना मी म्हटलं, “पण आई, त्याच्या तोंडाला वास येतोय.” ती गेल्यावर तू माझा दंड धरलास. “घरातलं दारात बोलायचं नाही.” मग मामासाठी कोकम सरबत ढवळायला मला बसवलंस आणि मी ते मन लावून ढवळलं. मोजून बोलायला तूच शिकवलंस आणि हेही तूच शिकवलंस. कुठलं कुठे वापरायचं तेवढं मात्र सांगितलं नाहीस.

आता कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर, मीही तेच म्हणते. त्याच्या ऑफिसातून फोन आला की पित्त, कुणाच्या मुंजीला एकटी गेले की पित्त. सासूबाई मोरावळ्याच्या बरण्या पाठवतात. खालच्या काकू साळीच्या लाह्यांचं पाणी घेऊन वर येतात. परवा भांडं माझ्या हातात देताना म्हणाल्या, “एवढं पित्त? रोज मिसळच करतेस की काय?” मी म्हटलं, “नाही हो काकू, जागरणं होतात त्याची.” “होत असतील, होत असतील,” म्हणत त्या जिना उतरल्या. त्यांना सगळं माहीत आहे. तरी मी ते पाणी गाळून त्याला दिलं आणि भांडं घासून, त्यात चार लाडू घालून परत केलं. रिकामं भांडं परत करायचं नाही, हेही तुझंच.

आणि श्रावण. श्रावणात तो थेंबालाही शिवत नाही. गटारीला शेवटची म्हणून मित्रांबरोबर भरपूर, आणि मग महिनाभर सोमवारचे उपास, वेळेवर जेवण, मुलीला सोसायटीच्या आवारात सायकल शिकवणं. सासूबाई म्हणतात, “श्रावण पाळणारा माणूस दारुडा असतो का गं?” मामाही श्रावण पाळायचा. तूही हेच म्हणायचीस. आणि मी, सगळं डोळ्यांनी पाहिलेली, त्या एका महिन्याच्या भरवशावर उरलेलं वर्ष काढते. जणू तोच खरा नवरा आणि बाकी दिवस घरात राहतो तो कुणी पाहुणा. इतके दिवस पाहुणा राहत नाही, आई.

गुरुवारी माझी मीटिंग लांबली आणि तो घरूनच काम करत होता, म्हणून मी त्याला शाळेत जायला सांगितलं. संध्याकाळी तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. “मॅडम, तुमचे मिस्टर आले तेव्हा ते मला जरा ठीक वाटले नाहीत. मी म्हटलं रिक्षा करा. पण तुमची मुलगीच म्हणाली, टीचर, बाबांना पित्त झालंय, पण ते नीट चालवतात. माझा हात सोडून गाडीवर बसलीसुद्धा.” मी “थँक्यू” म्हणाले. फोन ठेवला. सात वर्षांची आहे ती. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. माझ्या ओट्याशी उभी राहून ती शिकली.

तिचं कोपर सोलवटलं होतं. “काय झालं?” विचारलं तर आधी तिने त्याच्याकडे पाहिलं. “खेळताना पडले.” वेणी घालताना हळूच म्हणाली, “आपल्या गेटपाशी गाडी आडवी झाली. पण बाबा म्हणाले, आईला घाबरवायचं नाही.”

त्याला विचारलं तर म्हणतो, “आणली ना घरी?”

“कोपर बघ तिचं.”

“मुलं पडतात.”

“तू भरदुपारी प्यायला होतास.”

“बिअर म्हणजे काय पिणं नाही. आणि आलाच की आता श्रावण. सोडतोच आहे.”

शुक्रवारी मी तिला शाळेत पाठवलं नाही. ताप आहे असं कळवलं. तिच्यासमोरच फोन केला, आणि ती माझ्याकडे बघत होती, आई, अगदी लक्ष देऊन, धडा ऐकावा तशी. तेव्हापासून मी चिडलेली आहे. त्याच्यावर तर आहेच. पण तुझ्यावर जास्त, कारण तू उलट उत्तर देत नाहीस. मामा झोपला की तू माझ्यावर चादर ओढायचीस आणि म्हणायचीस, आता शांतता. त्यालाच मी घर समजले.

श्रावणाची वाट मी आता पाहणार नाही. शाळेत सांगणार आहे की मुलीला माझ्याशिवाय कुणाच्याही ताब्यात देऊ नका, आणि कारणही सांगणार आहे. त्याला सांगणार आहे की ती त्याच्या गाडीवर पुन्हा बसणार नाही. व्यसनमुक्ती केंद्रात, कुणासाठी ते न सांगता, मी विचारून आले आहे. तो आला तर त्याच्यासह जाईन, नाही आला तर तिथे घरच्यांसाठी बैठक असते, तिला एकटी बसेन. आणि मुलीला सांगणार आहे की बाबांना सांभाळून घेणं हे तिचं काम नाही. हे कसं सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. ‘माझा नवरा दारू पितो’ हे वाक्य मी आजवर कुणासमोरही उच्चारलेलं नाही. आज सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून म्हणून पाहिलं. ‘माझा नवरा’ एवढंच धड निघालं. आज शनिवार, उद्या सुट्टी. सोमवारी, शाळा भरायच्या आधी, वर्गशिक्षिकेसमोर मी ते पुरं म्हणणार आहे.