निरीक्षक-तीनकडून आलेला कागद

तीर्थरूप मामा यांस,

भाचीचा नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल, डोळ्यांत थेंब वेळेवर पडत असतील आणि मामी बाटली घेऊन आली की आपण झोपेचं सोंग घेत नसाल, अशी आशा करते. (पत्राची सुरुवात 'आपण'ने करायची हे आईने शिकवलंय, तेवढं केलं. आता 'तू'वर येते.) इकडे सगळे बरे आहेत. पण तू खरंच बरा आहेस ना? हे मी रीत म्हणून विचारत नाही. गेले तीन दिवस ऑफिसात जो तो माझ्याजवळ येऊन आवाज खाली आणून विचारतोय, "मामा आहेत ना तुमचे, अजून?" मी म्हणते, "आहेत की, चांगले ठणठणीत!" तर समोरचा मान हलवून, माझ्याकडे दयेने बघत निघून जातो. असं का, तेच सांगायला बसले आहे.

तू लिफ्ट तपासणीच्या या ऑफिसातून निवृत्त झाल्याला अकरा वर्षं झाली. तुझ्या टेबलावर आता झेरॉक्सचं मशीन आहे, आणि कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटी. सोमवारी वरून हुकूम आला की सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी फायरवॉल बसवा. फायरवॉल म्हणजे काय, तर दारावरचा रखवालदार. (तुला एवढं सांगितलं की पुरे, मलाही याहून फार कळतं असं नाही.) बसवली. दुपारपर्यंत एकाही प्रिंटरमधून कागद निघेना. हॉलमधला मोठा प्रिंटर टायपिस्टबाईंच्या कॉम्प्युटरला जोडलेला आहे, बाकी सगळे त्यांच्यामार्फत छापतात. आणि या नव्या रखवालदाराने टायपिस्टबाईंच्या दारात उभं राहून आमच्याच माणसांना ओळख दाखवायला नकार दिला. प्रिंटर यादीत दिसे, त्याचं नाव दिसे, पण कागद पाठवला की गुडुप. सतरा इमारतींच्या लिफ्टचे दाखले अडकले. त्यांत एक हॉस्पिटल होतं, आणि तिथला मॅनेजर दर अर्ध्या तासाने फोन करून, रुग्णांना खांद्यावर वाहू का, असं मलाच विचारत होता.

दोष मंगळवारी सापडला. रखवालदाराला आपलं ऑफिस म्हणजे भर चौक वाटत होता. नेटवर्क 'सार्वजनिक' म्हणून नोंदलं गेलं होतं. मी ते 'खाजगी' केलं, फाइल आणि प्रिंटर शेअरिंगसमोरच्या चौकटीत खूण केली, आणि फक्त ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना आत सोड अशी त्याला ताकीद दिली. हॉलमधल्या प्रिंटरने घसा खाकरल्यासारखा आवाज केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. (अकरा वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी पहिल्यांदाच.) पण पहिला जो कागद बाहेर आला तो दाखला नव्हता.

तो तुझा अहवाल होता, मामा. आपल्याच ऑफिसच्या इमारतीतल्या लिफ्टचा. एका बोटाच्या अंतरात दोराच्या नऊ तारा तुटल्या आहेत, लिफ्ट तात्काळ बंद करावी ही वीनंती. हो, 'वीनंती', वी दीर्घ. जगात असा एकच निरीक्षक होऊन गेला. (होऊन गेला म्हणजे निवृत्त झाला. बघ, माझीही जीभ आता तशीच वळायला लागलीय.) खाली तुझं नाव, त्याखाली पाठवणाऱ्या कॉम्प्युटरचं नाव, 'निरीक्षक-तीन', आणि तारीख त्याच दिवसाची.

टायपिस्टबाईंनी तो कागद दोन बोटांत धरून माझ्याकडे दिला आणि हात धुऊन आल्या. मी सगळ्यांना शांतपणे समजावलं की तुझा जुना कॉम्प्युटर कुठेतरी चालू राहिला असणार, हा कागद त्याच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकला असणार, मी दार उघडल्यावर तो बाहेर पडला. आणि तारीख काय, नमुन्यात आपोआप आजची पडते. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मग बुधवारी, बरोबर त्याच वेळी, टायपिस्टबाईंच्या पत्राच्या दोन पानांच्या मध्ये तोच कागद पुन्हा आला. तारीख बुधवारची. तारा दहा.

मी तो मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या साहेबांकडे, घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाल्या, "यावर जावक क्रमांक नाही. जावक क्रमांक नसलेल्या कागदाची आपण दखल घेत नाही." मी म्हटलं, "बाई, निदान दोर तरी बघून घेऊ." त्या म्हणाल्या, "लिफ्ट तपासणाऱ्या ऑफिसची लिफ्ट भुताच्या सांगण्यावरून बंद केली, असं उद्या बाहेर गेलं तर?" आणि ताठ मानेने लिफ्टनेच खाली गेल्या. मी दारात उभी राहून आकडे उतरताना बघत होते. पाच, चार, तीन. दोन यायला जरा जास्त वेळ लागला असं मला वाटलं.

गुरुवारी मी त्या वेळेच्या आधीच प्रिंटरची वायर काढून हातात धरून बसले. सगळा हॉल श्वास रोखून बघत होता. प्रिंटर मुका राहिला. आम्ही हसायला लागलो, एवढ्यात मोठ्या बाईंच्या केबिनमधून, त्यांच्या खास छोट्या प्रिंटरमधून, कागद सरकल्याचा आवाज आला. केबिन रिकामी होती. त्या नुकत्याच मीटिंगसाठी खाली निघाल्या होत्या. कागदावर तारीख गुरुवारची. तारा चौदा. या वेळी 'वीनंती' नव्हती; नुसतं 'बंद करा' होतं.

मी पाचव्या मजल्यावरून गच्चीपर्यंत कशी पळाले ते मला आठवत नाही. वर यंत्राच्या खोलीत आपला लिफ्टचा मेकॅनिक होता, त्याला सगळे पाना म्हणतात (तू गेल्यानंतर आला). मी कागद पुढे केला. त्याने वाचला नाही, फक्त माझं तोंड बघितलं आणि वीज तोडली. मग टॉर्च घेऊन दोरावर वाकला. "आत कोण आहे?" त्याने विचारलं. "मोठ्या बाई," मी म्हटलं. तो म्हणाला, "मग आता तुम्ही काही बोलू नका." त्याने हाताने चाक फिरवत, एक एक वीत करत, लिफ्ट तिसऱ्या मजल्याला आणून लावली. आम्ही खाली येऊन दार उघडलं तेव्हा बाई बाहेर आल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. मी त्यांना पायरीवर बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती तारा?" पाना म्हणाला, "चौदा. दोनदा मोजल्या." बाईंनी माझ्या हातातला कागद घेतला, पर्समधून पेन काढलं आणि त्यावर स्वतःच्या हाताने जावक क्रमांक घातला.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण संध्याकाळी पाना माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "ताई, एक सांगू? हा दोर मी स्वतः चार वर्षांपूर्वी बसवलाय. नवा कोरा." म्हणजे मामा, तू असताना हा दोर नव्हताच. मग तू लिहिलंस कशावर? आणि कधी? तुला अकरा वर्षांत इकडे पाऊल टाकताना कुणी पाहिलेलं नाही, हे मी खोदून खोदून विचारलंय. बाईंना आता तुझा जबाब हवाय. पण मी तुझ्यावर काही ढकलत नाही; सावकाश आठवून, चार ओळी लिहून पाठव. मामीला नमस्कार.

तुझी भाची

ता.क. 'निरीक्षक-तीन' सापडला. दफ्तरखान्यात, जुन्या फायलींखाली. त्याची वायर त्याच्याच भोवती गुंडाळून सुतळीने बांधलेली आहे, आणि सुतळीवर धूळ आहे. रांगेबद्दल मी लोकांना जे समजावलं होतं ते मी मागे घेते. प्रिंटर शेअरिंगची खूणही काढली. आता कुणालाच काही छापता येत नाही आणि कुणी तक्रारही करत नाही.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात हॉलमधला प्रिंटर चालला. तुझ्या सोसायटीचं नाव आहे, उजवीकडची लिफ्ट, तारीख आजची. तारा किती ते लिहीत नाही. तुझा फोन लागत नाहीये, म्हणून ड्रायव्हरकाकांना हातात पत्र देऊन पिटाळतेय. पाना दुसऱ्या गाडीने निघालाय. तू कुठलाही कागद शेवटाकडून वाचायला घेतोस, म्हणून हे इथे लिहिलं. सात मजले आहेत हे मला माहीत आहे. तरी तू आणि मामी, पाना येईपर्यंत, जिना. शेजाऱ्यांनाही सांग, आणि त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. ड्रायव्हरकाका धापा टाकत असतील, त्यांना आधी पाणी दे.