गरम शाफ्टचं माप

भंडारा, गुरुवार

प्रिय गुड्डी,

तू फोन बंद ठेवलास म्हणून पत्र लिहायला बसले. शाळेत 'मामास पत्र लिहा' असा प्रश्न यायचा, त्यानंतरचं हे पहिलंच, तेव्हा हसू नकोस. तुला आसगावला घरी जाऊन आज नऊ दिवस झाले. कारखान्याचे साहेब म्हणतात, येत्या सोमवारी सकाळच्या पाळीला आली नाही तर अप्रेंटिसच्या यादीतून नाव कमी करावं लागेल. खोलीवर तुझी उशी, तुझी बादली आहे तशीच आहे. लोणच्याची बरणी मात्र मी अर्धी केली, ते आधीच कबूल करून टाकते.

एक शाफ्ट बिघडला आणि 'माह्या हातातच खोट आहे' म्हणत तू बॅग भरलीस, हे काही मला पटलेलं नाही. साकोलीच्या आयटीआयत बॅचमध्ये आपण दोघीच मुली होतो, आणि लोखंड कापायच्या लेथ मशीनवर तुझा हात बघून मी शिकले. अप्रेंटिसशिप पुरी करायची, मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तिथून डिग्रीला, हा बेतही तुझाच. मी एकोडीहून आले ती तुझ्या मागेमागे. माझ्याकडे तुझ्यासारखा हात नाही, फक्त 'काहून' विचारायची खोड आहे. आपल्याला काम शिकवणारे तुलारामजी वैतागून म्हणतात ना, 'वो पोरी, मशीन चालवाले आली का मशीनची उलटतपासणी घ्याले?'

तर त्या शाफ्टनं माझं डोकं खाल्लं. पन्नास मिलिमीटर जाडीचा लोखंडी दांडा. दुपारी मापात बरोबर, आणि दुसऱ्या दिवशी तपासणीत मिलिमीटरच्या तीन शतांशांनी बारीक. लोखंड काय उंदरानं कुरतडलं? आपल्याकडे कापणाऱ्यानं स्वतः मोजायचं नाही, जोडीदारानं मोजायचं. तू कापलंस, मी मोजलं, आणि जेवणाचा भोंगा व्हायच्या आत उरकायचं म्हणून घाई दोघींना. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं ते तुला. मी शेजारी उभी होते.

सोमवारी भंगारातून एक तुकडा मागून घेतला. तुलारामजी म्हणाले, 'आता याचं काय करून राहिली वो?' मी तो लेथवर कापला, लगेच मोजला, आकडा लिहून ठेवला. तासाभरानं पुन्हा मोजला, तर तीन शतांश कमी. दुसरा तुकडा घेतला, पुन्हा तेच. गुड्डी, मला नाचावंसं वाटलं. कापताना लोखंड तापतं, तापलं की फुगतं, निवलं की मूळ मापावर येतं. रेल्वेच्या रुळांमध्ये फट काहून ठेवतात, हे आपण परीक्षेला घोकलं होतं आणि परीक्षेतच सोडून आलो. 'काम थंडं होऊ दे, मंग मोज,' असं तुलारामजी रोज बजावतात, आणि आपल्याला वाटायचं, पोरींचे हात भाजू नयेत म्हणून सांगतात. म्हणून तर त्या दिवशी मी हाताला फडकं गुंडाळलं आणि गरम शाफ्ट मोजला.

तो आनंद अर्धा तासच टिकला. मग आठवलं, तू हात थांबवून म्हणाली होतीस, 'मले तं बराबर वाटून राहिलं.' मायक्रोमीटर बघून मी म्हणाले, अजून तीन शतांश काढ, आणि माझ्यावर भरवसा ठेवून तू काढलेस. तू थांबली होतीस तिथेच माप पुरं झालं होतं. हे मला सोमवारी कळलं आणि आज गुरुवार आहे. मधले तीन दिवस मी गप्प बसले, कारण संगणकावर चालणारं सीएनसी मशीन शिकायला एकीलाच पाठवणार होते आणि तू गेल्यावर तिथे माझं नाव लागलं होतं. मला लाज वाटते. आज सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. बिघडलेल्या कामाच्या वहीत तुझं नाव खोडून माझं लिहिलं, आणि ती जागा माझ्याकडून गेली. साहेबांनी त्या जागी पेन्सिलीनं तुझं नाव घातलंय. माझ्यावर राग धरशील, धरायलाच पाहिजे. पण तो घरी बसून धरू नकोस. सोमवारी ये आणि इथे माझ्यासमोर उभी राहून धर.

तुझीच, अजून तुझी म्हणवून घेऊ दिलंस तर,
हर्षा