डाव्या बाजूनं धावणारे बाबा

बाबा, तुमच्या नातीचे दोन्ही डोळे चांगले आहेत. ती पाच वर्षांची झाली, आणि आज तपासून डॉक्टर म्हणाले, आता परत आणायची गरज नाही. डोळ्यांत थेंब घालताना तिनं नर्सला बोचकारलं आणि बाहेर येताच लिमलेटच्या गोळ्या मागितल्या. मी भर रस्त्यात हसत सुटले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली.

तुम्ही वीजघरात बॉयलरवर होतात. दुपारी नळ्यांवरची काजळी झाडली की धुराड्यातून आपल्या गल्लीवर काळी राख भुरभुरायची. उन्हाळ्यात तुम्ही भोंगेवाल्याला गळ घालून त्याआधी एक आखूड भोंगा जास्तीचा वाजवायला लावायचात. तो ऐकला की साऱ्या बाया जुनी लुगडी घेऊन वाळत घातलेल्या कुरड्या झाकायला धावायच्या. त्या भोंग्याचं कारण साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही. पाळी संपली की तुम्ही तसेच काळेकुट्ट स्वयंपाकघरात यायचात, आई ओरडत असताना मला मांडीवर घेऊन बशीतून चहा प्यायचात. अर्धी बशी माझी. मला त्या चहाइतकं दुसरं काही आवडत नसे.

मी दोन वर्षांची असताना माझा डावा डोळा काढावा लागला होता, आत गाठ झाली म्हणून. धुरानंच झालं, असं शेजारणी म्हणायच्या. माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी, मी दहा वर्षांची, तुम्हाला म्हणाले, "तुमच्याच राखेनं गेला माझा डोळा." तुम्ही बशी खाली ठेवलीत. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही आधी अंगणातल्या नळावर अंघोळ करायचात, कडाक्याच्या थंडीतसुद्धा, आणि चहा ओसरीवर एकटेच प्यायचात.

महिन्याभरात माझ्यासाठी सायकल आली. जुनीच, पण तुम्ही लाल रंगवलेली. सक्करदऱ्याच्या तलावाकाठी शिकवताना तुम्ही माझ्या डाव्या बाजूनं धावत असायचात. "इकडचं मी पाह्यतो वं, तू समोर पाह्य," म्हणायचात. धाप तुम्हाला लागायची आणि हसू मला आवरायचं नाही. इतकी खूश मी त्याआधी कधीच नव्हते.

तुमची नात जन्मली तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. असा आजार कधी आईबापांच्या रक्तातून येतो, कधी पोटातल्या बाळातच नव्यानं सुरू होतो. माझ्याकडून तिच्याकडे जाण्याची भीती होती, म्हणून पाच वर्षं तपासण्या केल्या. मी राखेचं विचारलं. ते म्हणाले, "असा धूर लेकरांना वाईटच, तो नकोच. पण तुमच्या डोळ्याचं खापर वडिलांच्या राखेवर फोडू नका." मी तिथंच रडले, बाबा.

आज घरी आल्यावर तिनं कोपऱ्यातली तुम्ही रंगवलेली लाल सायकल पाहिली आणि मागे लागली, मले बी घेऊन दे. मी नाही म्हणाले. तशी ओठ काढून म्हणते, "तुझ्यामुळेच माझ्या डोळ्यात थेंब टाकले." मी पोट धरधरून हसले. हे पत्र टाकायचं कुठं, म्हणून चहाच्या डब्याखाली ठेवते आहे.

बाबा, राखेचं बोलले तेव्हा मलाही फक्त सायकलच हवी होती.