माफ करायचा हक्क

दिग्विजय,

कुकर झालाय, गवारीची भाजी कढईत आहे. नाइट करून आलायस, जेव आणि झोप. पण आधी हे वाच.

विमा कंपनीने क्लेम मंजूर केलाय. चाकणच्या शेडचा विमा माझ्या नावावर, म्हणून कागदावर सही माझी लागते. अजून केलेली नाही.

वकीलबाईंनी काल नीट समजावलं. आपण भरपाई घेतली, की मामांकडून वसूल करायचा आपला हक्क कंपनीकडे जातो. लेथ मशीन त्यांच्या टेम्पोने मोडलं, तेव्हा कंपनी त्यांच्या मागे लागणार. मग तू कितीही "जाऊ दे" म्हण, माफ करणं आपल्या हातात राहत नाही. आणि आधीच माफ करून बसलास, तर क्लेम गेलाच म्हणून समज.

म्हणून घरच्या ग्रुपवर "मामा, विसरून जा" असलं काही टाकू नकोस. हात जोडते.

मामांनी तुला लहानाचं मोठं केलं, हे मला कळतं रे. पण शटर फोडून टेम्पो आत घुसला त्याला महिना होत आला, त्यांचा साधा फोन नाही. तू मात्र रोज उठून माफ करतोयस.

मी निगडीला त्यांच्याकडेच चाललेय. कागद पर्समध्ये आहे. "चुकलं माझं" एवढं जरी म्हणाले, तरी त्यांच्यासमोर फाडून टाकीन. नाहीतर सहीसाठी पेन त्यांच्याकडूनच मागून घेईन.

वर्षाली