मालतीकाकूंचा दुसरा टेक

रविवार, संध्याकाळ

दादरला फिल्म क्लबमध्ये आज जगातल्या सर्वात थोर माहितीपटांवर वाद रंगला. मीच तावातावाने म्हणालो, "थोर माहितीपट माणसाला काही करायला सांगत नाही, नुसता बघतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र चहा तसाच ठेवून उठलो.

कारण सकाळचंच. आमची परळची चाळ पाडणार म्हणून मी तिच्यावर फिल्म करतोय. शेजारच्या मालतीकाकू आज खोली कायमची सोडत होत्या. त्यांनी उंबऱ्याला हात लावला आणि रिकाम्या खोलीला म्हणाल्या, "येते गो." निघताना 'जाते' म्हणू नये, हे लहानपणी मला त्यांनीच शिकवलं.

आणि माझा माइकच बंद! मी म्हणालो, "काकू, परत एकदा?"

"निघाल्यावर मागे फिरू नये रे," त्या म्हणाल्या. तरी फिरल्या, माझ्यासाठी. पुन्हा उंबऱ्याला हात लावला. क्षणभर तो तिथेच राहिला. मग म्हणाल्या, "जाते."

काय केलं मी हे? घरी आल्यापासून तो उंबऱ्यावरचा हातच बघतोय. आवाज अगदी स्वच्छ आलाय. फिल्मचा शेवट यावरच करणार, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. त्यांचा हात उंबऱ्यावर होता तेव्हाच.