ओन्द्रेयचा वेग

९ मे १९११
आज आनंदात कोबी करपवला. कारखान्यात घड्याळवाला साहेब आलाय, बिडाच्या लाद्या कोण किती झपाट्याने रेल्वेच्या वाघिणीत चढवतो ते बघायला. आणि पहिला निवडला कोण? माझा ओन्द्रेय! पाठ बापावर गेलीय. बाप तर गावी अख्खं वासरू खांद्यावर... ते असो. मुलगा आता मुकादम होणारच. मग भिंतीवरचं घड्याळ घ्यायचं. ठोके देणारं!

१० मे
श्तेफान आला, नातीचा धर्मपिता. ओन्द्रेयला म्हणाला, घड्याळासमोर पाय ओढायचे असतात, गड्या. तू धावलास की उद्या आम्हा सगळ्यांना पळवतील. मी म्हटलं, आळशांनो, माझ्या पोराला बिघडवू नका. तर म्हणतो, मग लाद्या तुम्हीच उचला की, मावशी! भला माणूस, पण कामचुकार.

११ मे, पहाटे
ओन्द्रेयला चरबी घालून हालुश्की वाढल्या, पिठाच्या उकडलेल्या गोळ्या. म्हटलं, आईची मान खाली जाऊ देऊ नकोस. तो खाली बघून जेवला.

संध्याकाळी
नाही जाऊ दिली! साहेबाने पाठ थोपटली म्हणे.

२ जून
आता सगळ्यांना ओन्द्रेयच्याच वेगाने चढवावं लागतं. श्तेफानला जमेना, काढून टाकला. त्याच्या बायकोकडे पाव घेऊन गेले. आत पावलं वाजत होती, दार उघडलं नाही. जळतात, दुसरं काय! दृष्ट लागू नये म्हणून ओन्द्रेयच्या मनगटाला लाल दोरा बांधला.

१८ जुलै
ओन्द्रेय बुटांसकट झोपतो. मार्का म्हणते, सासूबाई, पाठ बघा एकदा. सुनांना रडायला निमित्त लागतं. हंसाची चरबी चोळली. मुकादम झाला की लाद्या उचलायच्या कुठे असतात? थोडी कळ काढायची.

५ सप्टेंबर
ओन्द्रेयला काढलं. साहेब म्हणाला, ठरलेला वेग गाठत नाहीस. मी म्हटलं, ठरवला कुणी तो मेला वेग? मार्का म्हणाली, त्यानेच, सासूबाई. मे महिन्यात. हालुश्की खाऊन.
ही मुलगी हल्ली फार बोलते.

२० सप्टेंबर
ओन्द्रेयला नळावरून पाणी आणायला पाठवलं, तेवढंच अंग मोकळं होईल. अर्धी बादली घेऊन भिंत धरत आला. श्तेफानच्या बायकोने आपल्या दारातून पाहिलं. हसली असती तर बरं झालं असतं.
त्याला यायला फार वेळ लागला की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक.
घड्याळ घेतलं नाही ते बरंच झालं.